आधी खिडकी, मग महिना, शेवटी फूल: कोकण किनाऱ्यावर खिडकीतल्या पेट्यांसाठी रोपांची निवड

किनारपट्टीवरच्या नर्सऱ्यांत दिवाळीनंतर जी फुललेली रोपं मांडलेली दिसतात, त्यांतली बरीचशी घाटावरून टेम्पोने उतरलेली असतात. पॉलिहाऊसमध्ये, कोरड्या हवेत वाढलेली. तीच गुहागरला किंवा मालवणला समुद्रासमोरच्या खिडकीत ठेवली की पंधरवड्यात पानांच्या कडा करपतात, आणि मग दोष पाण्याला नाहीतर खताला दिला जातो. चूक त्याच्या आधीच झालेली असते, रोप उचलताना. इथे पहिल्यांदा खिडकी बघावी, मग महिना, आणि फुलाचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

खिडकीचं तोंड कुठे आहे?

पश्चिमेच्या खिडकीला खारा वारा, दुपारनंतरचं कडक ऊन आणि जूनपासून पावसाची झड, हे तिन्ही सोसावं लागतं. खाऱ्या वाऱ्याचा त्रास भर पावसात कमी असतो, कारण पानांवर बसलेलं मीठ पाऊसच धुऊन नेतो. खरं नुकसान पाऊस संपल्यावर सुरू होतं आणि फेब्रुवारी ते मे या काळात कळस गाठतं. रोज दुपारी वारा सुटतो, पानावर मिठाचा थर चढतो आणि तो उतरवायला काही नसतं. आपली खिडकी या पट्ट्यात येते का, हे तपासायला सोपी खूण आहे: डिसेंबरमध्ये आठवडाभर न पुसलेल्या ग्रिलवरून बोट फिरवा. बोट चिकट होऊन खारट लागलं तर येते. घर आणि पुळण यांच्यामध्ये सुरूचं बन किंवा नारळाची दाट वाडी असेल तर तेवढ्याच अंतरावरच्या दुसऱ्या घरापेक्षा निवडीला बराच वाव मिळतो. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या वाचकांनी मिठाची काळजी सोडून द्यावी. त्यांचा प्रश्न फक्त पावसाचा.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत सोयीची. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन, दुपारी सावली आणि नैर्ऋत्येची झड घराच्या पाठीवर. एकच पेटी लावायची असेल तर ती इथेच लावा.

दक्षिणेच्या खिडकीबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येत नाही. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि तीच खिडकी दिवसभर उन्हात असते. म्हणून हंगामी फुलांची थंडीतली पेटी दक्षिणेला. उत्तरेच्या खिडकीत फुलांपेक्षा पानांची झाडं बरी. फूलच हवं असेल तर टोरेनिया लावा, बाकीच्यांच्या नादी लागू नका.

पेटी आणि ती धरणारं लोखंड

६० सेंटीमीटर लांब, २० रुंद, २० खोल अशी पेटी बहुतेक हंगामी फुलांना पुरते. तिच्यात २४ लिटर माल मावतो. नुसती तांबडी माती भरून भिजवली तर वजन ४० किलोच्या आसपास जातं. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण असेल तर २५ किलोच्या मागेपुढे. फ्लॅटच्या बाहेर काढलेल्या ग्रिलवर तीन-चार पेट्या ठेवण्याआधी हा गुणाकार करून बघावा आणि वेल्डिंगचे जोड तपासावेत.

समुद्राजवळ साधा रंगवलेला लोखंडी ब्रॅकेट दोन पावसाळ्यांत सोलपटतो. गरम जस्तात बुडवून काढलेलं लोखंड किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस वापरा. नेहमी मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलवरही खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. स्क्रूसुद्धा त्याच धातूचे हवेत. ब्रॅकेट धड राहतो आणि स्क्रू कुजतात, हे नेहमी घडतं. जांभ्याच्या भिंतीत छोटे प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत, दगड भुसभुशीत असतो. तिथे आरपार बोल्ट घ्यावा किंवा पेटी सरळ खिडकीच्या दगडी पट्टीवर ठेवून पुढे अडणी लावावी.

जुन्या घरांची झडपं बाहेर उघडतात. तिथे पेटीची वरची कड आणि झडपेची खालची कड यांत कमीत कमी ३५ सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर रोज एक तरी शेंडा मोडणार. कौलारू घरात आणखी एक बघायचं: पागोळ्या कुठे पडतात? पागोळ्यांच्या रेषेत आलेल्या पेटीतली माती आठवड्यात खणली जाते आणि मुळं उघडी पडतात. पेटी त्या रेषेच्या आत, भिंतीकडे सरकवा.

तळाला १० ते १२ मिलिमीटरची भोकं, दर १५ सेंटीमीटरला एक जोडी. भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे उपडे ठेवले की माती वाहून जात नाही. खालची ताटली पावसाळ्यात काढून टाकायचीच. तिच्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि मुळंही बुडतात. पेटी काळ्या रंगाची नको. पश्चिमेच्या उन्हात तिच्या कडेची मुळं भाजतात.

माती: पावसाळ्याची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी

ऑक्टोबर ते मे या काळातल्या पेटीसाठी १० लिटर कोकोपीट, ६ लिटर तांबडी माती, ६ लिटर गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, २ लिटर नदीची जाड वाळू आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. हे सैल मिश्रण पेटी काठोकाठ भरतं. पहिल्या दोन पाण्यांत बसलं की वर तीनेक सेंटीमीटर जागा राहते, ती पाणी देण्यासाठी तशीच ठेवा.

जूनमध्ये लावायच्या पेटीत हेच प्रमाण फिरवावं: कोकोपीट ५ लिटर, माती ६, खत ५, आणि वाळू किंवा जांभ्याची बारीक कच ८ लिटर. पेटी जड होते, पण कोकोपीट जास्त असेल तर जुलैत ती चोवीस तास ओली राहते आणि मुळं कुजतात.

कोकोपीट वापरण्यापूर्वी धुवायलाच हवं. काथ्यासाठी नारळाची सोडणं खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर भुशात मीठ असतं. गोड्या पाण्यात भिजवून पिळायचं, पाणी बदलून असं दोन-तीनदा. पुळणीची वाळू कितीही धुतली तरी वापरू नये. तिच्यातला शिंपल्यांचा चुरा माती चुनखडी करतो आणि जांभ्याच्या आम्ल मातीला सरावलेल्या एक्झोरासारख्या झाडांची पानं पिवळी पडतात.

आता फुलं

समुद्रासमोरच्या पश्चिम खिडकीसाठी यादी छोटीच आहे आणि ती वाढवण्याचा हट्ट धरू नये. पहिली सदाफुली, पण तिच्यातही निवड आहे. कुंपणाकडेला, भिंतीच्या फटीत आपोआप उगवणारी गुलाबी किंवा पांढरी साधी सदाफुली खारा वारा आणि कोरड दोन्ही सोसते. नर्सरीतल्या लाल, पीच, जांभळ्या बुटक्या संकरित जाती दिसायला घट्ट असतात, मात्र जून-जुलैत बुंध्याशी काळ्या पडून एका रात्रीत मान टाकतात. ही बुरशीची मूळकुज; औषधाने ती आवरत नाही, झड न लागणारी जागाच लागते. म्हणून संकरित हवी असेल तर ऑक्टोबरमध्ये लावा आणि मेअखेर तिचा हिशोब संपला असं धरा. साध्या सदाफुलीचं बी पिकलेल्या शेंगेतून काढून अर्धा सेंटीमीटर मातीखाली झाकून पेरावं, अंधारात ते चांगलं उगवतं. फूल यायला अडीच-तीन महिने लागतात. एका पेटीत तीन रोपं पुरेत. चार पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडा, म्हणजे झुडूप भरतं. हिचं सगळं झाड विषारी आहे, घरात रांगतं मूल असेल तर पेटी त्याच्या हाताला लागेल अशी नसावी.

दुसरं चिनीगुलाब, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. सात-आठ सेंटीमीटरच्या काड्या तोडून सरळ मातीत खोचायच्या, पेटीला सात-आठ. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. पाच तासांहून कमी ऊन असेल तर फूल उघडत नाही, त्यामुळे पूर्वेच्या खिडकीत हे लावून कुरकुर करू नये. पावसात कुजतं, म्हणून मेअखेर वीसएक काड्या छोट्या कुंडीत लावून पडवीत ठेवा, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

तिसरी लोंबणारी जांभळी घाणेरी. रानातली उभी वाढणारी घाणेरी नव्हे; ही पेटीच्या कडेवरून ४०-५० सेंटीमीटर खाली उतरते, खाऱ्या वाऱ्याला बधत नाही आणि थंडीत भरभरून फुलते. वर्षातून दोनदा अर्ध्यावर छाटावी. निळ्या फुलांचं इव्हॉल्व्ह्युलस, जे नर्सरीत ब्लू डेझ नावाने मिळतं, तेही चालतं. त्याची फुलं दुपारनंतर मिटतात, तेव्हा संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी ते नाही. काटेरी युफोर्बिया जगायला सगळ्यांत चिवट, फक्त त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. वेडेलिया पिवळ्या फुलांनी पेटी झटपट झाकतं, पण छाटलेला प्रत्येक तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो आणि ओढ्याकाठचं गवत संपवतो. ते न लावलेलंच बरं.

पूर्वेच्या खिडकीत अबोली. किनाऱ्याच्या दमट हवेला इतकं जुळणारं दुसरं फूल नाही. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की जवळजवळ वर्षभर तुरे येतात, वेणीपुरती फुलं रोज निघतात. पेटीत तीन रोपं, २० सेंटीमीटर अंतराने. ‘दिल्ली’ नावाची केशरी जात सगळ्यांत भरदार, पण तिला बी धरत नाही, म्हणून रोप विकत घ्यावं किंवा पावसाळ्यात १० सेंटीमीटरच्या फांद्या लावाव्यात. फुलं संपलेला तुरा देठासकट खालच्या पानांपर्यंत कापला नाही तर पुढचे तुरे आखूड होत जातात. अबोली चांगली चालली असताना एकाएकी मरगळली आणि पाणी देऊनही उठेना, तर उपटून मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. ती माती पेटीत परत वापरू नका, आणि नवी भरताना निंबोळी पेंड दुप्पट घाला.

पेंटास आणि बुटका एक्झोराही पूर्वेला छान राहतात. मोगऱ्याचा मोह सगळ्यांना होतो, पण २० सेंटीमीटर खोली त्याला पुरत नाही. ३० सेंटीमीटर खोल पेटी आणि दक्षिणेचं नाहीतर आडोशाच्या पश्चिमेचं ऊन असेल तर ६० सेंटीमीटरमध्ये दोन रोपं लावा. डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत अर्ध्यावर छाटा, खत द्या आणि पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. गुलबाक्षीची मुळं कंदासारखी जाड होतात, ती पेटीत नको.

पावसाळ्याची पेटी: तेरडा

जून ते सप्टेंबर खिडकी रिकामी ठेवायची हा बहुतेकांचा रिवाज, आणि तो चुकीचा. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसातच सड्यांवर आणि बांधांवर तेरडा फुलतो. त्याच्याचसाठी हा हंगाम आहे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर बी पेरा, पाव सेंटीमीटर माती वर पसरा. पाच-सात दिवसांत उगवतं. दोन पानांच्या जोड्या झाल्या की विरळणी करून पेटीत चारच रोपं ठेवा. गर्दी ठेवली तर ती उंच, लुकडी होतात आणि पहिल्या वाऱ्यात आडवी. जुलैअखेर फुलं लागतात आणि गौरींच्या सुमारास पेटी भरलेली असते. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड पाच-सहा आठवडे फुलतं. बियाणं घेताना बुटकी, दुहेरी पाकळ्यांची जात मागा. देशी उंच जात ६० सेंटीमीटरवर जाते आणि खिडकीचा उजेड अडवते.

ग्रिलवर चढवायला गणेशवेल आणि गोकर्ण. दोन्ही मृगात पेरावेत, पेटीत दोनच रोपं. गोकर्णाला दर महिन्याला शेंडे खुडण्याची शिक्षा दिली तरच फांद्या फुटतात आणि फुलं हाताच्या अंतरावर राहतात. पावसाळी लिलीचे कंद मेमध्ये, एका पेटीत पंधरा-वीस, वरचं टोक मातीच्या पातळीला ठेवून लावा. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर काही दिवसांत फुलतात.

पश्चिमेला मात्र तेरडासुद्धा झडीने झोडपला जातो. तिथे नारळाच्या झावळ्यांचा झाप किंवा ५० टक्के सावलीची हिरवी नेट पेटीसमोर हातभर अंतरावर बांधा. घट्ट प्लास्टिक लावू नका, त्यात वारा भरतो आणि आतली हवा कोंडून पानांवर करपा येतो.

दसऱ्याचा झेंडू आणि थंडीतली हंगामी फुलं

झेंडू दसऱ्याला हवा तर दिवस मागे मोजावे लागतात. बुटक्या जातीला पेरल्यापासून फुलापर्यंत ४५ ते ५० दिवस, मोठ्या गोंड्याला ६० ते ७०. पेटीसाठी बुटकीच घ्या, तीन रोपं. दसऱ्याच्या दोन महिने आधी ट्रेमध्ये पडवीत पेरायचं आणि २०-२५ दिवसांनी, पावसाचा जोर ओसरत आल्यावर पेटीत लावायचं. जुलैतच उघड्यावर लावलेला झेंडू उगवतो, वाढतो, आणि भरलेली फुलं पाणी धरून आतून तपकिरी होतात.

पेटुनिया, डायँथस, झिनिया हे हस्ताचा पाऊस संपून ऑक्टोबरची काहिली उतरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून. फेब्रुवारीअखेर पेटुनिया लांबुडका होऊन थांबतो. एकदा छाटून बघा, नाही फुटला तर काढा. झिनियाच्या पानांवर दमट पहाटेनंतर भुरी येते, म्हणून त्याला संध्याकाळी वरून पाणी देऊ नये. जिरेनियम आणि पॅन्सी यांवर पैसे घालू नयेत. युरोपातल्या खिडक्यांच्या फोटोंत तीच दिसतात, पण आपली उकाड्याची दमट रात्र त्यांना मानवत नाही.

नर्सरीतून रोप उचलताना आणि लावताना

पूर्ण फुललेलं रोप नको. कळ्या असलेलं, बुंध्याशी फांद्या फुटलेलं घ्या. पानं उलटून मावा, पिठ्या ढेकूण बघा. पिशवी हलकेच दाबा: दगडासारखी लागली तर आत घाटावरची काळी माती आहे. ही हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, तशीच कोकोपीटच्या मिश्रणात ठेवली की दोन्ही माती एकजीव होत नाहीत. उन्हाळ्यात भोवतालची माती ओली आणि हुंडी आतून कोरडी, पावसात उलट हुंडी चिखल. झेंडू, पेंटास, अबोली यांची हुंडी वीस मिनिटं बादलीत भिजवून बाहेरची निम्मी माती हाताने सोडवा. सदाफुलीला मुळं हलवलेली आवडत नाहीत, तिच्या हुंडीला फक्त चार बाजूंनी उभ्या चिरा द्या. आणलेलं रोप लगेच खिडकीत नको. आठ दिवस पडवीत, मग रोज दोन-तीन तास खिडकीत, असं सरावाने बाहेर काढा.

पाणी, मीठ आणि वादळ

उन्हाळ्यात रोज सकाळी, भोकांतून थेंब पडेपर्यंत. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होत असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं आधी, मग कडा तपकिरी होतात. पाणी कमी पडलं तर पान मऊ होऊन लोंबतं. मिठाने पान ताठ राहून टोकाकडून जळतं. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण मिठाच्या झाडाला लोक आणखी तेच मचूळ पाणी घालत बसतात. उपाय एकच: पेटीतून गोडं पाणी आरपार जाऊ द्यायचं, २४ लिटरच्या पेटीला सुमारे ५० लिटर, थोडं थोडं करून. पश्चिमेच्या पेटीतली पानं फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा गोड्या पाण्याच्या झारीने सकाळी धुवा.

फुलण्याच्या काळात १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीत. पावसाळ्यात हे वाहून जातं. त्याऐवजी महिन्याला दोन मुठी गांडूळखत. माव्याला आणि पिठ्या ढेकणांना लिटरला ५ मिली नीम तेल आणि अगदी थोडा द्रवसाबण, संध्याकाळी. सदाफुलीची फुलं हिरवी आणि पानं बारीक होऊ लागली तर फवारणी करत बसू नका. तो तुडतुड्यांनी पसरणारा रोग आहे, झाड उपटून जाळा.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्याला किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा पावसाळ्याच्या तोंडावरचेच दिवस होते. त्यामुळे १५ मे ते १० जून वरच्या मजल्यावरच्या पेट्या आत उतरवून ठेवाव्यात. माती बदलायचीही तीच वेळ असते, काम वाढत नाही.

पुढच्या वर्षाचं बी

तेरड्याची शेंग फुगून फिकट झाली की बोट लागताच फुटते आणि बी खाली रस्त्यावर. फुटण्याआधी तिच्याभोवती मलमलचं छोटं पोतडं बांधा. बी सावलीत आठवडाभर वाळवून, चुलीच्या चाळलेल्या राखेत कालवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. किनाऱ्याच्या हवेत कागदाच्या पुडीतलं बी ओल धरतं आणि बुरसतं. गोकर्ण आणि गणेशवेल यांच्या शेंगा झाडावरच तपकिरी वाळू द्याव्यात, हिरव्या काढल्या तर बी रुजत नाही. दोन्हींचं कवच कडक असतं, पेरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी जी फुगली असतील तीच पेरा.